जातं नावाचा फोल्डर

१५ एप्रिल, मंगळवार

दीक्षा म्हणाली, "आई, काय बिघडतं, स्क्रीनवर काय दिसतं, ते लिहून ठेव. फोनवर नुसती ओरडू नकोस." मी ओरडत नाही. जन्मभर शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलले, त्याला माझी स्वतःची मुलगी हैदराबादेत बसून ओरडणं म्हणते. असो. लिहिते.

काल जयंती. सकाळी गल्लीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत आमच्या व्हरांड्यासमोर येऊन उभी राहिली. दर वर्षी या दिवशी आमच्या स्पीकरवर माझ्या नवऱ्याच्या, सुरेंद्रच्या, संग्रहातली जुनी भीमगीतं लागतात. मी फोनवर बटण दाबलं. 'लायब्ररी सापडत नाही.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. माणसं सभ्यपणे वाट पाहत होती, त्याचा मला जास्त राग आला. शेवटी समोरच्या चंदाने आपल्या मोबाइलवर काहीतरी धाडधाड वाजणारं लावलं. सुरेंद्र असता तर ते ऐकून गेला असता.

टीव्हीखालच्या कपाटात त्याची काळी पेटी आहे, बुटाच्या खोक्याएवढी, आत दोन डिस्क. बेला, भीमपूर अशा गावांत, पैनगंगेच्या अल्याडपल्याड फिरून त्याने जे टेप केलं, म्हणजे गायन पार्ट्या, दंडारीची नाचगाणी, लग्नातली गाणी, दळणाची गाणी, ते सगळं निवृत्तीनंतर त्याने या पेटीत उतरवलं. घरातल्या वाय-फायवरून ते स्पीकरला मिळतं. मिळायचं. असल्या पेटीला 'नास' म्हणतात म्हणे. नाव ठेवणाऱ्याला मराठी येत असावं.

२५ मेला त्याला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी विहारात हा संग्रह सगळ्यांना ऐकवीन आणि मागेल त्याला प्रत देईन, असं मी भर शोकसभेत बोलून बसले आहे. मी दिलेला शब्द मोडत नाही. पेटीने मोडला तर मी पेटी मोडीन.

१७ एप्रिल

सापडलं. जयंतीच्या आदल्या दुपारी वीज गेली होती. (वीजखात्यात फोन केला तर पलीकडचा माणूस तेलुगूत "करंट लेदु अम्मा" म्हणाला, जशी काही वीज नाही ही बातमी मला हवी होती.) वीज परत आली की राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्याने क्रमांक वाटतो. पेटीला वेगळा क्रमांक मिळाला, आणि स्पीकर बिचारा जुन्याच क्रमांकावर दार ठोठावत बसला. लॉजमध्ये पाहुण्याची खोली बदलावी आणि निरोप्याला कोणी सांगू नये, तसं. दीक्षाने फोनवरून एक एक पायरी सांगितली आणि मी पेटीसाठी कायमचा क्रमांक राखून ठेवला. स्पीकर लगेच बोलला.

"आई, ग्रेट!" दीक्षा म्हणाली. यात ग्रेट काय आहे? वर्गात हजेरीपट नीट ठेवला की मुलं हरवत नाहीत.

उजवा खांदा दुखतो आहे. त्या माउसमुळे असणार. घसाही बसला आहे. कुलर थेट तोंडावर येतो.

२२ एप्रिल

प्रत काढण्यापूर्वी पेटीत काय काय आहे ते पाहायला बसले. सुरेंद्र शिस्तीचा माणूस, विज्ञानाचा मास्तर. गाववार फोल्डर, प्रत्येकात गाणाऱ्याचं नाव, साल. फक्त एका फोल्डरला गाव नाही. नाव 'जातं'. त्यावर क्लिक केलं तर उत्तर आलं: 'आपल्याला परवानगी नाही.'

मला! माझ्या घरात, माझ्या कपाटात, माझ्या विजेच्या बिलावर चालणारी पेटी मला परवानगी नाही म्हणते!

दीक्षाला फोन केला. ती ऑफिसात होती. तिने तिकडून माझ्या लॅपटॉपचा ताबा घेतला आणि बाण आपोआप स्क्रीनवर फिरू लागला, खिडक्या उघडू-मिटू लागल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. ते बघणं बरं वाटत नाही.

"बाबांनी हा फोल्डर फक्त स्वतःपुरता ठेवला होता," ती म्हणाली. "आता तुलाही दिला. झालं. मीटिंग आहे, ठेवते."

फक्त स्वतःपुरता. माझ्यापासून लपवण्यासारखं सुरेंद्रकडे काय होतं? साखरेच्या गोळ्या असताना खाल्लेले पेढे सोडून.

२३ एप्रिल

ऐकलं.

बाई आहे. जाड, खालच्या पट्टीतला, माती लागलेला आवाज. दळणाच्या ओव्या म्हणते, तीही इकडच्या गावंढळ बोलीत. 'आमी', 'तुमी', 'माही', 'मले', एकही अक्षर जागेवर नाही. मागे बांगड्यांची लय. बांगड्याही घालते सटवी.

आणि ओवी पुरी करत नाही. अर्धी म्हणते आणि थांबते.

कापसाच्या वावरात, पांढरं पांढरं ऊन...

पुढे काही नाही. नुसता कुलर. तो कुलर आमचा आहे. त्याचं एक पातं वाकलेलं आहे, फेऱ्यागणिक टक् करतं. हे मी झोपेतही ओळखीन. म्हणजे हे टेपिंग कुठल्या गावातलं नाही, या घरातलं आहे. प्रत्येक फाइलला तारीख आहे, आणि सगळ्यांची वेळ दुपारची आहे.

दुपारी मी झोपते. रक्तदाबाची गोळी घेतली की जेवणानंतर मी चहापर्यंत मेल्यासारखी पडते. हे सुरेंद्रला ठाऊक होतं.

एका ठिकाणी बाई थांबते आणि त्याचा आवाज येतो. अगदी हळू, जवळून.

"मंग?"

लग्नानंतर मी त्याला सांगितलं होतं, माझ्याशी नीट मराठीत बोलायचं. तो बोलला, शेवटपर्यंत. मला एकदाही 'मंग' म्हणाला नाही.

२६ एप्रिल

दीक्षाला यातलं काही सांगणार नाही. बापाचं नाव मुलीच्या मनात जिथे आहे तिथे राहू दे.

आज आणखी ऐकलं. बाई ओवी म्हणते, थांबते, तो 'मंग?' म्हणतो, ती पुन्हा तीच ओळ म्हणते. एका फाइलमध्ये तो विचारतो, "कोन गाते व?" आणि ती म्हणते, "मी चंपा." जणू त्याला कळायला हवं होतं.

चंपा. माझ्या आईचं नाव चंपाबाई होतं. या भागात दर दुसऱ्या घरात एक चंपा सापडेल. भांडी घासायला यायची ती शांता. दूधवाली तेलुगू बोलते. मग ही कोण? बोलण्यावरून बेल्याकडची वाटते. टेप करायला तो तिकडे फार जायचा.

एवढं बरीक खरं की तिच्याशी बोलताना त्याचा आवाज फार मऊ आहे. आजारी मुलाशी बोलतात तसा. मला ते ऐकवेना, तरी पुन्हा ऐकलं.

विहारात येतील ते सगळे त्याला गुरुजी म्हणणारे. त्यांच्यासमोर उभं राहून मी काय सांगू? की गुरुजींची बायको आतल्या खोलीत घोरत असताना गुरुजी काय टेप करत होते? २५ मेचा कार्यक्रम रद्द करावा असं आज पहिल्यांदा वाटलं. पेटी पैनगंगेत सोडावी असंही.

३० एप्रिल

घरातले सगळे दिवे लावून लिहिते आहे.

फाइली तारखेने लावल्या. सुरेंद्र गेला २५ मेला. पण फाइली तिथे थांबत नाहीत. जूनमध्ये आहेत. पावसाळाभर आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत आहेत. शेवटची कालची आहे. काल दुपारची.

कालची उघडली. तोच आवाज, तोच कुलर. ती अर्धी ओवी म्हणते आणि थांबते. वाट बघते. त्याच्या 'मंग?'ची जागा मोकळी जाते, नुसतं पातं टक् टक् करतं. मग ती पुन्हा म्हणते. पुन्हा थांबते. शेवटी साध्या आवाजात विचारते:

"कोनी हाय का व?"

मी फोन टाकून उठले. घरातली सगळी दारं बघितली. पुढच्या दाराला आतून कडी होती. काल दुपारीही होती, कारण मी स्वतः लावते.

१ मे

आज झोपले नाही. गोळी घेतली नाही, दोनदा काळा चहा घेतला, आणि हॉलमध्ये खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले. हातात सुरेंद्रची छत्री. बाहेर रस्ता पांढराफटक, कुत्रंही नाही. उन्हात घर इतकं गप्प होतं की पेटीतली डिस्क फिरताना ऐकू येत होती.

कोणी आलं नाही. फाइलही आली नाही.

म्हणजे मी जागी आहे हे तिला कळतं.

३ मे

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या मिशनच्या बोर्डिंगात सिस्टर सांगायच्या, भीती वाटली की कारण शोधा, आणि कारण सापडलं नाही की कपाट आवरा. मी शेतमजुराची मुलगी होते, अंगावर एक फ्रॉक. तिथे कोणी घरची बोली बोलली की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरी कोणी चुकेपर्यंत ती तिच्या गळ्यात. पहिल्या सहामाहीतच माझी पाटी सुटली ती कायमची. सिस्टर सगळ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मी पाचवीत असताना आई गेली, तेव्हा घरी जाऊन आले तर बायका म्हणाल्या, पोरगी साहेबिणीसारखं रडते.

तर कारण. कोणीतरी आमच्या वाय-फायवरून पेटीत फाइली टाकत आहे. राउटरच्या यादीत टीव्ही, स्पीकर, माझा फोन, लॅपटॉप आणि पेटी, यांशिवाय एक अनोळखी यंत्र आहे. नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. चोर सापडला. मी वाय-फायचा पासवर्ड बदलला. आता गा म्हणावं रस्त्यावर.

९ मे

बदलल्यापासून एकही फाइल नाही. यादीतून ते अनोळखी यंत्रही गेलं. जिंकले.

फक्त दुपारी उठते तेव्हा घसा अजूनही कोरडा असतो. खांदा तर आता वरसुद्धा होत नाही. उशाची चादर उजव्या बाजूला गोल गोल चुरगळलेली असते, जशी कोणी मूठ धरून फिरवावी. हाडांच्या डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कुछ पीसते हो क्या घर में?" मी म्हटलं, मिक्सर आहे माझ्याकडे.

पेटीवरच्या दोन दिव्यांपैकी एक आज नारिंगी झाला. दीक्षाला फोटो पाठवला. एक डिस्क मरायला टेकली आहे, म्हणाली. ती २४ तारखेला नवी पेटी घेऊन येईल आणि सगळं उतरवून घेईल. जे उतरवणार नाही ते जाईल.

"सगळं उतरवायचं ना, आई?"

"एक फोल्डर सोडून," मी म्हटलं.

"कुठला?"

"ते मी ठरवीन."

माझ्या हातून पुसायची गरजच नाही. डिस्क आपोआप मरेल. सुरेंद्र लोकांसाठी गुरुजी राहील आणि मला त्या बाईचा आवाज पुन्हा ऐकावा लागणार नाही.

१० मे

स्पीकर नव्या पासवर्डाने जोडला जाईना. जुनं यंत्र, नवा पासवर्ड टाकायची त्याची जागाच मला सापडेना. दीक्षा वैतागून म्हणाली, "आई, जुनाच परत ठेव, मी आले की बघू." ठेवला. स्पीकर बोलला.

चहा ठेवून परत आले तर पेटीचा दिवा भराभर लुकलुकत होता. 'जातं' उघडलं. फाइली येत होत्या. एकामागून एक, जशी दार उघडण्याची वाट बघत बाहेर रांग लागली असावी. ३ मेनंतरची जवळजवळ प्रत्येक दुपार.

म्हणजे ती सगळे दिवस होतीच. फक्त आत येऊ शकत नव्हती.

११ मे

दीक्षाला अखेर एवढंच सांगितलं की एक अनोळखी यंत्र आहे. तिने काय काय बघितलं आणि म्हणाली, "सिग्नल इतका चांगला आहे म्हणजे ते घरातच आहे. बाबांचा जुना फोन कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. कपाटामागून जाणारी एक वायर मात्र आठवली. मला ती कसल्या तरी अँटेनाची वाटायची. स्टुलावर चढले. झोपायच्या खोलीत, माझ्या पलंगाच्या बरोबर वर, कपाटाच्या माथ्यावर सुटकेसमागे तो फोन होता. चार्जिंगवर. गरम. धूळ पुसली तर स्क्रीनवर लाल ठिपका. मी खोकले, तर ठिपक्याखालची रेघ उसळली.

"आवाज आला की टेप होतं आणि पेटीत जातं, अशी सोय केलेली दिसते," दीक्षा म्हणाली. "पण बेडरूममध्ये कशाला?"

मी म्हटलं, नंतर बोलू. मला कळलं होतं. ती हॉलमध्ये येत नाही, स्वयंपाकघरात येत नाही. माझ्या खोलीत येते. मी झोपलेली असते आणि ती माझ्या उशाशी बसते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरेंद्र एकदा म्हणाला होता, तू झोपेत गुणगुणतेस. मी दोन दिवस अबोला धरला होता. तो थट्टेत काहीही बोलायचा. आज का आठवलं कोण जाणे.

फोन जिथे होता तिथेच परत ठेवला. काढायला हात झाला नाही.

१५ मे

बयनामावशी आली आहे. आईची धाकटी बहीण, बेल्याला असते; मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे झालं, आठवडाभर औषध घालायचं आहे. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने सगळं बघते.

"तुह्या घरात बाई, हवा बी कपड्याची घडी घालून बसते," आल्या आल्या म्हणाली.

"आणि तुझ्या घरात कोंबडी पलंगावर बसते," मी म्हटलं.

"बसते तं. तिले कोनी पाटी नाई अडकवत."

हिला कुठली गोष्ट विसरायची कला नाही. पण माणूस घरात आलं आणि मला बरं वाटलं. रात्री तिला विश्वासात घेतलं. सुरेंद्रचं नाव मध्ये आणलं नाही. एवढंच सांगितलं की दुपारी मी झोपले की खोलीत कोणी बाई येते असा मला संशय आहे. उद्या तू पहाऱ्याला बस, आली तर मला उठव.

मावशी हसली नाही. "कशी हाय दिसाले?"

"पाहिली नाही. गाते."

"काय गाते?"

"ओव्या. अर्ध्या."

मावशीने पट्टीवरून हात फिरवला. "अर्ध्या काऊन?"

"मला काय माहीत काऊन?" मी म्हटलं. तिच्याशी बोलताना जीभ बिघडते.

१६ मे

गोळी घेतली, झोपले. मावशी पलंगाशेजारी खाली चटईवर बसली होती, पाय पसरून.

उठले तेव्हा उन्हं उतरली होती. मावशी तिथेच, पण बसणं बदललं होतं. एक पाय दुमडलेला, एक लांब, आणि हात माझ्या पलंगाच्या कडेवर. तिचा उघडा डोळा ओला होता. पट्टी असताना रडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

"आली होती?" मी विचारलं.

"आलती."

"मग मला उठवलं का नाहीस?"

"तुले उठवलं असतं तं ते गेली असती."

"कोण होती?"

"चंपी," मावशी म्हणाली. "तुही माय."

मी तिला म्हटलं की तुझ्या डोळ्याबरोबर डोकंही कापलेलं दिसतं. आई जाऊन जन्म लोटला. तेव्हा आपल्या घरी रेडिओही नव्हता, तिचा आवाज कुठे राहणार? तिचा एक फोटोसुद्धा नाही.

"मंग कोन गायलं व?" मावशीने विचारलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चहा ठेवायला गेले.

१७ मे

कालची फाइल आज उघडली. उशीर केला, हे कबूल करते.

आधी ती बाई एकटी.

लेक धाडली शिकाया, मिशनाच्या घंटेपाशी...

ती थांबते. पातं टक् करतं. आणि मग दुसरा आवाज उचलतो. म्हातारा, चिरका, माझ्या ओळखीचा. मावशीचा.

तिची बोली राहिली व, जात्याच्या खुंट्यापाशी.

मग दोघी. एक सुरू करते, दुसरी पुरी करते. बांगड्या आता दोघींच्या. ती पुन्हा 'कोनी हाय का' असं विचारत नाही. शेवटी ती हसते. तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मावशीला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "जात्यावर एकटी बाई बसत नाई, बाई. अल्याड एक, पल्याड एक. येकीनं उचलायची, दुसरीनं ठेवायची. मी पोरगी व्हती तवा चंपीच्या पल्याड मी बसो. येकटीची ओवी अर्धीच राह्यते. तुह्या नवऱ्याले ते अर्धी ठावं नसंन, म्हून बिचारा मंग-मंग करे."

सुरेंद्रचा 'मंग?' मी तिला सांगितला नव्हता. रात्री मी लॅपटॉप लावून बसले होते तेव्हा तिने ऐकलं असणार. कानाने चोर आहे.

"ती मिशनची ओवी कुठली?" मी विचारलं.

"चंपीनंच केली. तुले धाडलं तवा. तू सुट्टीत आली का जात्यावर म्हने. तू तिकडं कानात बोटं घालून धडे पाठ करे."

मला आठवत नाही. आठवायचं कारण नाही.

"आणि कापसाच्या वावराची? तीही पुरी कर."

मावशीने मान हलवली. "थे मले नाई येत. थे जात्याची नोहे. थे चंपी वावरात म्हने, तुले झाडाखाली टाकून. कापूस येचता येचता. तिथं कोनी नसे. तू आन् ते."

यावरून एक गोष्ट मात्र नक्की होते आणि ती मी इथे स्पष्ट लिहून ठेवते: सुरेंद्रने या घरात कोणाला आणलं नव्हतं. जी कोण आहे ती त्याच्या आधीची आहे. मी महिनाभर त्याच्यावर जो आरोप ठेवला तो मागे घेते. बाकीचं मला कळत नाही, आणि या वयात सगळं कळलंच पाहिजे असा नियम नाही.

२४ मे

दीक्षा आली. नवी पेटी जोडली. "कुठला फोल्डर सोडायचा, आई?"

"'जातं' आधी घे," मी म्हटलं. "जुनी डिस्क मध्येच मेली तर बाकीचं गेलं तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण ते आधी घे."

तिने नीट उतरलं की नाही बघायला एक फाइल लावली. अर्धी ओवी होईपर्यंत ऐकली. बंद केली. मावशीकडे बघितलं. मावशी भिंतीकडे बघत होती.

"आई, तू हे ऐकलंस?"

"सगळं ऐकलं."

"आणि?"

"आणि काय? बाईचे उच्चार अशुद्ध आहेत."

दीक्षा उठून मोरीकडे गेली. बराच वेळ नळ वाहत होता. परत आली तेव्हा डोळे लाल. प्रवासात झोप नाही झाली, म्हणाली. मग तिने मला मिठी मारली, जी ती विमानतळाखेरीज कुठे मारत नाही. या पिढीला मशीन चाललं की भरून येतं.

तिने विचारलं, कपाटावरचा फोन काढून टाकू का? मी म्हटलं, नवीन चार्जर आण, त्याची वायर सैल झाली आहे.

२५ मे, रविवार

कार्यक्रम झाला. विहार भरला होता. नवी पेटी एकदाही अडखळली नाही. भीमगीतं झाली, दंडार झाली, आणि शेवटी मी न ठरवता उठून ती मिशनची ओवी लावली, दोघींची. कोणी हललं नाही. मागच्या बाजूला एका म्हातारीने पदराने तोंड झाकलं. चंदा नंतर म्हणाली, "मॅडम, कोन बाई हाय हो? आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटते." मी म्हटलं, बेल्याकडची. नाव चंपा. फाइलवरही तेच लिहिलं आहे.

सगळे जेवून गेले. दीक्षा हॉलमध्ये लोळते आहे. मावशी उद्या जाते म्हणत होती. मी म्हटलं, डोळ्यात अजून औषध घालायचं आहे, पाऊस पडेपर्यंत हलायचं नाही. "काऊन व, तुले करमत नाई का?" म्हणाली. तिची चटई मी माझ्या पलंगाशेजारी घातली आहे. पल्याड.

मी गोळी घेतली. कुलर लावला. वरती लाल ठिपका आहे, इथून दिसत नाही पण आहे. डोळे जड झाले आहेत, अक्षर वाकडं येतं, तरी एक गोष्ट राहू नये म्हणून लिहिते. आत्ता उशी सारखी करताना त्या वावराच्या ओवीची दुसरी ओळ आपोआप तोंडात आली. सुरेंद्रच्या कुठल्या तरी टेपमध्ये ऐकली असणार, दुसरं काय.

कापसाच्या वावरात, पांढरं पांढरं ऊन,
सावलीले लेक माही, ठेवली म्या निजवून.